गणवीर सरांची पालथी शाळा

प्रेमिलाने गणवीर सरांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते बाकावर उभे होते. अंगात बनियन, खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, खांद्यावर टॉवेल आणि हातात शाळेची पितळी घंटा.

१९६४ सालच्या दसऱ्याची ती सकाळ. दीक्षाभूमीवर जाण्यासाठी उमरेड, भिवापूर, पवनीकडून आलेली माणसं आदल्या संध्याकाळीच इंदोऱ्यातल्या त्या शाळेत उतरली होती. बाकं भिंतीशी रचून वर्गावर्गांत सतरंज्या अंथरल्या होत्या. अर्ध्या वर्गांत बाया, अर्ध्यांत पुरुष. सकाळी नळावर ही रांग. कोणी दातून चघळतंय, कोणी पोराच्या डोक्याला तेल चोपडतंय, कोणाची पिशवी सापडत नाही. त्या गलक्यात बाकावरच्या माणसाने घंटा बडवली.

"मंडळी, शांत व्हा! रात्रीच्या परीक्षेचा निकाल लागून राहिला!"

सगळे वळून पाहू लागले.

"घोरण्यात यंदा पहिला नंबर, इयत्ता सातवी ब! ह्या वर्गानं मधात सुटी न घेता, एका सुरात अभ्यास केला. त्यातही वर्गनायक म्हणजे खिडकीजवळचे, लाल दुपट्ट्याचे. कोण आहेत ते? या गा समोर, लाजू नका. बक्षीस आहे!"

लाल दुपट्ट्याचे म्हणजे प्रेमिलाचे वडील, नत्थूजी. ते काही पुढे होईनात. पण सातवी ब मध्ये झोपलेल्यांनीच त्यांना ढकलत ढकलत बाकापाशी नेलं. त्या माणसाने मोठ्या थाटात त्यांच्या हातात एक केळ ठेवलं आणि लोकांनी टाळ्या पिटल्या. नत्थूजी केळ घेऊन परत आले ते विस्तव हातात धरल्यासारखे. प्रेमिलाने ओंजळीत तोंड लपवून हसून घेतलं.

"हा कोण वं?" तिने शेजारच्या म्हातारीला विचारलं.

"चपराशी असन," म्हातारी म्हणाली. "घंटी त्याच्याच हाती आहे नं."

प्रेमिला तेव्हा दहा वर्षांची होती. गावची शाळा चौथीपर्यंतच. चौथी पास होऊन तिला चांगले सहा महिने होत आले होते. उन्हाळ्यात तिने आईसोबत मिरच्यांचे देठ खुडले, पावसाळ्यात निंदायला गेली, आणि प्रत्येक वेळी बापाला विचारलं की पाचवीचं काय. "नागपूरले गेलो का इचारू," असं नत्थूजी म्हणाले होते. आता नागपूरला येऊन एक रात्र झाली होती. संध्याकाळी परतीची गाडी होती आणि त्यांनी कोणालाच काही विचारलं नव्हतं. केळ मिळाल्यापासून तर ते विचारतील असं दिसतही नव्हतं.

तेव्हा ती स्वतःच घंटेवाल्याकडे गेली.

"हेडमास्तर कुठी असते?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आत असते. पण सांभाळून जाजो. लई भयंकर मानूस आहे. तुले काय काम?"

"मले पाचवीत बसाचं आहे."

त्या माणसाने घंटा खाली केली. "थांब इथंच," म्हणाला आणि आत गेला. थोड्या वेळाने आतून घंटा वाजली. प्रेमिला दारात जाऊन उभी राहिली. टेबलामागे तोच माणूस बसला होता. बनियनवर काळा कोट, सगळ्या गुंड्या लावलेल्या, डोक्यावर टोपी, चेहरा दगडासारखा.

"हं. बोला."

प्रेमिलाने टेबलाखाली पाहिलं. "तुमीच हा का?"

"कोण? तो बाहेरचा घंटेवाला? तो माहा भाऊ आहे. वाया गेलेला."

"पायजमा तोच आहे," प्रेमिला म्हणाली.

ते हसू लागले, आणि स्वतःच्या हसण्यात स्वतःच सापडून ठसका लागेपर्यंत हसत राहिले. पण ह्या एका उत्तरावर प्रवेश मिळाला असं मात्र नाही. त्यांनी तिला भिंतीवरचं सगळं वाचायला लावलं, "येथे थुंकू नये" पर्यंत. मग दोन तोंडी गणितं घातली. एक चुकलं. "चुकलं," ते म्हणाले, "पण रडली नाहीस. ठीक आहे. बाप कुठी आहे तुहा?"

नत्थूजी आले. हेडमास्तर म्हणून जो माणूस पुढे बसला होता त्याला पाहून त्यांचा चेहरा आणखीनच आंबट झाला. दुसरं सत्र दिवाळीच्या सुटीनंतर सुरू होतं, तेव्हा पोरीला पाचवीत बसवता येईल, एवढं त्यांनी ऐकून घेतलं.

"पण ठेवाची कुठी?"

"माह्या घरी. शाळेच्या मागंच आहे. दोन पोरी आहेत, ही तिसरी."

नत्थूजी भिंतीकडे पाहत राहिले. "घर पाहीन. मंग सांगीन."

"जरूर पाहा. भाऊबीज झाली का या."

परतीच्या प्रवासात, नागभीडकडे जाणाऱ्या अरुंद रुळांच्या छोट्या गाडीत, ते उमरेडपर्यंत खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, "हेडमास्तर असा असते? आपल्या गावचा मास्तर पाह्य. आजवरी हासला नाही."

"तो मारते बी," प्रेमिला म्हणाली.

"मारते म्हणून तं मास्तर. लोकाची पोर सांभाळाची म्हणजे पोक्त मानूस लागते. तमासे करणाऱ्याच्या घरी मी पोर ठेवत नसतो."

घर पाहायचं ते नकार देण्यापुरतंच, हे प्रेमिलाला कळून चुकलं.

इकडे इंदोऱ्यात काय चाललं होतं ते तिला पुढे गोपिकाने सांगितलं. गोपिका ही सरांची थोरली, बारा वर्षांची. मधला केशव आणि शेंडेफळ विशाखा, सहा वर्षांची. विशाखा दीक्षेनंतर जन्मलेली, म्हणून तिचं नावही नवं. सरांची बायको इंदूबाई चणीने लहान आणि बोलायला सरळ. पोरीचा बाप घर पाहायला येणार आणि त्याला आपला नवरा तमासगीर वाटला असावा, हे तिने सरांच्याच तोंडून काढून घेतलं.

"वाटनच," ती म्हणाली. "पहिल्या भेटीत मानसाचं घोरणं चवाट्यावर मांडलं तुमी. आता एक काम करा जी. तो मानूस येईन तवा कोट घाला, खुर्चीवर बसा आणि कमी बोला. घंटीले हात नाही लावाचा."

"कमी म्हणजे किती?"

"'हं' म्हणा. तेवढं पुरे."

तालीम झाली. सर खुर्चीवर वर्तमानपत्र घेऊन बसले. गोपिका नत्थूजी झाली, केशवचा पंचा खांद्यावर टाकून दारातून आली. "जयभीम, सर." "जयभीम. हं." "मी पोरीचा बाप." "हं." "घर पाह्याले आलो." "हं," सर म्हणाले, आणि मग त्यांना राहवलं नाही. "झोप कशी लागली गाडीत?" इंदूबाईने हातातलं भांडी पुसायचं फडकं नेम धरून फेकलं.

आता त्या घरची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच येऊन ठेपलं. १९५६ साली गणवीरांच्या घराने दीक्षा घेतली आणि जुने सण सोडले. मोठ्या माणसांना त्याचं काही वाटलं नाही, त्यांनी ते समजून उमजून सोडले होते. पण पहिल्याच दिवाळीत गोपिका आणि केशव पायरीवर बसून गल्लीच्या टोकाला उडणारे फटाके बघत राहिले. सरांनी ते पाहिलं. लेकरांना त्यांनी काही समजावलं नाही. पुढच्या वर्षी त्याच दिवशी सकाळी घंटा घेऊन ते अंगणात आले आणि म्हणाले, "दिवाळी आपली नाही, ठीक आहे. पण सुटी तं आहे! सुटी काही कोणाच्या बापाची नाही."

तेव्हापासून लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी त्या घरात पालथी शाळा भरायची. पालथी म्हणजे सगळं उपडं. घरातलं सगळ्यात लहान लेकरू हेडमास्तर. मोठी माणसं विद्यार्थी. शेजारचं कोणी आलं तर तेही विद्यार्थी. हेडमास्तर सांगेल ती शिक्षा भोगायची आणि दिवेलागणीपर्यंत तक्रार करायची नाही. इंदूबाई तेवढी शाळेतून सुटलेली. "मी कायमची नापास आहे जी," ती म्हणायची, "मले भाकरी टाकू द्या."

नत्थूजींना बोलावलं होतं भाऊबीजेनंतर. पालथी शाळा तोवर आटोपलेली असणार होती. सगळा बेत चोख होता.

पण नत्थूजींच्या घरीही दिवाळी सुटून आठ वर्षं झाली होती. भाऊबीज कधी, पाडवा कधी, हे आता त्यांच्या घरात कोणी विचारत नव्हतं. गावात एका संध्याकाळी घराघरांवर दिवे दिसले, त्यांना वाटलं झाली दिवाळी. दुसऱ्या दिवशी पहाटेच ते पोरीला घेऊन निघाले. गाठोडं त्यांनी स्वतः बांधलं. त्यात वाळल्या मिरच्या होत्या, थोडी तूर होती. आपले कपडे त्यात नाहीत हे प्रेमिलाला भिवापूर स्टेशनवरच दिसलं. तिने विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल, ही तिला भीती.

इतवारी स्टेशनवरून ते चालत इंदोऱ्यात आले तेव्हा उन्हं चढली होती. शाळा बंद होती. मागे दोन खोल्यांचं कौलारू घर, दार सताड उघडं, आत गलका. नत्थूजी दारात जाऊन उभे राहिले आणि तसेच उभे राहिले.

आत जमिनीवर दोन ओळी करून माणसं बसली होती. गोपिका, केशव, शेजारचे दोघे बापे, एक म्हातारी. समोर खुर्चीवर उभी विशाखा. अंगात बापाचा काळा कोट, तो खाली घोट्यापर्यंत आलेला, नाकावर काच नसलेला चष्मा, हातात फुटपट्टी. आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून, केशवची शाळेची टोपी डोक्यावर कशीबशी बसवून, वाकून पायाचे अंगठे धरून उभे होते शाळेचे हेडमास्तर शालिकराम गणवीर.

"आणखी खोड्या करशीन?" विशाखा विचारत होती.

"नाही बाई," सर खालूनच म्हणाले.

"मागच्या वर्षी बी असंच बोल्ला होता."

प्रेमिलाने बापाकडे पाहिलं. त्यांचा जबडा घट्ट मिटला होता. ते आता वळणार, आणि वळले की संपलं, हे तिला कळत होतं. स्वयंपाकघराच्या दारात इंदूबाई पिठाच्या हातांनी येऊन थिजली होती.

तेवढ्यात विशाखाचं लक्ष दारात गेलं. चष्मा सावरून तिने पाहुण्यांना नीट पाहून घेतलं.

"तुमी कोण? उशीर काहून झाला?"

नत्थूजींनी गाठोडं दुसऱ्या हातात घेतलं.

"अन् बाहेर काहून उभे राहिले? आमच्या शाळेत बाहेर कोणी नाही बसत. आत या."

अंगठे धरलेल्या सरांनी मान तिरकी करून दाराकडे पाहिलं आणि नत्थूजींना ओळखलं. एरवी असल्या वेळी त्यांना काही ना काही सुचायचंच. ह्या वेळी त्यांनी फक्त अंगठे आणखी घट्ट धरले.

नत्थूजींनी वहाणा काढल्या. ते आत आले आणि उंबऱ्याला लागूनच, दाराच्या कडेला बसले. प्रेमिलाला आईने सांगितलेलं ठाऊक होतं. लहानपणी तिचा बाप दीड वर्ष शाळेत गेला होता, म्हणजे शाळेच्या पडवीत. मास्तर आत शिकवायचे, हा बाहेर बसून ऐकायचा. पाटी तपासायची झाली की ती जमिनीवर ठेवायची आणि मागे सरकायचं.

"तिथी नाही," विशाखा म्हणाली. "पुढं बसा. इथी, माह्या समोर."

नत्थूजी उठले. दोन ओळींच्या मधून, माणसं गुडघे आवरून वाट देत होती तिथून, ते पुढे गेले आणि खुर्चीसमोर मांडी घालून बसले. प्रेमिला त्यांच्या पाठोपाठ गेली.

"नाव?"

"नत्थू."

"पूर्ण सांगाचं."

"नत्थू बळीराम रंगारी."

"नऊचा पाढा म्हणा."

नत्थूजींनी सुरुवात केली. नऊ एके, नऊ दुणे, नऊ त्रिक. चौथ्याला गाडी अडली. त्यांनी वर पाहिलं. "पुढचं येत नाही, बाई."

"मंग अंगठे धरा."

"विशाखे!" इंदूबाई धावलीच. "पाहुणे आहेत ते, बाप्पा! काही अक्कल?"

"इंदू, वर्गात मधात बोलू नको," विशाखाने फुटपट्टी रोखली. इंदूबाईने कपाळावर हात मारला, कपाळ पांढरं झालं.

नत्थूजी जागचे उठले. दुपट्टा काढून त्यांनी प्रेमिलाच्या हातात दिला, धोतर वर खोचलं, कोपऱ्यात जाऊन सरांच्या शेजारी उभे राहिले, वाकले आणि अंगठे धरले.

थोड्या वेळाने खालून सरांचा बारीक आवाज आला. "गुडघे वाकवा थोडे. हेडबाईले चष्म्यातून दिसत नाही."

"कंबर धरली गा," नत्थूजींचा आवाज.

"पहिलं वर्ष जड जाते. मंग सवय होते."

"किती येळ ठेवते ही?"

"मले सकाळपासून ठेवलं आहे. माही वागणूक खराब आहे."

नत्थूजींचे खांदे हलू लागले. प्रेमिलाला वाटलं बाप रडतोय. मग तो आवाज बाहेर फुटला. ते हसत होते. अंगठे सोडून, भिंतीला हात टेकून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. आपला बाप असा हसतो हे तिला दहा वर्षांत ठाऊक नव्हतं.

"दोघायची शिक्षा वाढवली," विशाखा म्हणाली, आणि मग सगळी शाळाच हसली.

दुपारी इंदूबाईने पाटवडीचा झणझणीत रस्सा वाढला. वर नत्थूजींच्या मिरच्यांचा ठेचा. तिसरी भाकर मोडताना नत्थूजी सरांना म्हणाले, "एक गोष्ट बोलतो, राग नका मानू."

"बोला."

"ते केळ लई लहान होतं."

सरांना हसायलाही सुचलं नाही, असं गोपिका सांगते. त्यांच्यावर कोणी कडी केली असं त्या घरात क्वचित घडायचं.

खरं बोलणं झालं ते संध्याकाळी, पायरीवर. गल्लीच्या टोकाला फटाके वाजत होते. पालथी शाळा सुटली होती, विशाखा बापाच्या कोटातच झोपून गेली होती. प्रेमिला दाराच्या आत बसून ऐकत होती. गाठोड्यातल्या मिरच्या काढून झाल्या होत्या आणि तिच्याबद्दल अजून कोणी एक शब्द काढला नव्हता.

"सर," नत्थूजी म्हणाले, "तुमाले लाज नाही वाटत? एवढे मोठे हेडमास्तर, लेकराच्या हातून शिक्षा घेता."

सरांनी कानाजवळ हात नेला. "माह्या मास्तरानं मले कधी हात लावला नाही," ते म्हणाले. "मारायलेही नाही. शिवाशिव नं. चुकलं का छडी फेकून मारे. इथी, कानाजवळ खूण आहे अजून. तवाच ठरवलं होतं, मी मास्तर झालो तं कोणतंच लेकरू मले भिऊन दूर बसलं नाही पाहिजे."

"आमचा खडे मारे," नत्थूजी म्हणाले.

"नेम कसा होता?"

"चांगला होता. आंबे पाडले असते त्यानं."

मग दोघं बराच वेळ आपापल्या मास्तरांबद्दल बोलत राहिले, शेतकरी पिकाबद्दल बोलतात तसे. कोणाचा मास्तर जास्त वाईट, यावर जरा वादही झाला. शेवटी नत्थूजी खाकरले आणि आत वळून इंदूबाईला म्हणाले, "बाई, मी पोरीचे कपडे नाही आणले."

"काहून जी?" इंदूबाईने विचारलं. तिला कारण कळलं नव्हतं असं नाही.

"चुकलो. आता जाऊन आणा लागते."

"कायले? गोपीचे फ्रॉक आहेत ढीगभर. तुमी कपडे मंग आणजा. पोर राहू द्या."

नत्थूजींनी प्रेमिलाकडे पाहिलं. "राहतं वं?"

प्रेमिलाने मान डोलावली.

पुढची सात वर्षं ती त्या दोन खोल्यांत राहिली. पहिले काही आठवडे ती रात्री आईसाठी मुसमुसायची आणि विशाखा झोपेतच तिच्या अंगावर पाय टाकायची, तेवढ्यानेच बरं वाटायचं. सरांना जवळून पाहिल्यावर कळलं की शाळेच्या दिवसांत हा माणूस निराळाच असतो. घंटेच्या आधी फाटकात उभे. कोणी उशिरा आलं तर ओरडायचे नाहीत, उशिराचं कारण नीट विचारायचे, आणि कारण खोटं निघालं तर दिवसभर त्या पोराशी बोलायचे नाहीत. ते पोरांना छडीपेक्षा जड जायचं. परीक्षेच्या महिन्यात घरात एक विनोद होत नसे. गंमत सगळी सुटीसाठी राखून ठेवलेली. सुटी लागली की जेवताना पहिल्या घासालाच काहीतरी सुरू व्हायचं, आणि सांगायच्या आधीच स्वतः हसत सुटल्यामुळे निम्मे विनोद कोणाला कळायचेच नाहीत.

दोषही होते. घरात किती पीठ आहे हे न विचारता ते माणसं जेवायला आणायचे. दसऱ्याला शाळेत उतरलेल्या तीनशे माणसांची व्यवस्था ते चुटकीसरशी लावायचे, पण घरचा फुटका माठ दोन उन्हाळे बदलला गेला नाही. चार माणसं जमली की फुलणारा हा माणूस एकट्याने बसावं लागलं की उदास व्हायचा. हे सगळं सांभाळलं इंदूबाईने, आणि सांभाळताना बोलूनही दाखवलं, म्हणून ते घर निकोप राहिलं.

दसऱ्याच्या सकाळचा घोरण्याचा निकाल चालूच राहिला. पण त्या वर्षानंतर सर फक्त वर्गाचं नाव घ्यायचे, माणसाचं नाही. बक्षिसाला मात्र केळ्यांची फणी आणायचे, पूर्ण वर्गासाठी.

नत्थूजी दरवर्षी पालथ्या शाळेला हजर. आता दिवसाची चूक होत नव्हती, कारण प्रेमिला आधीच कळवायची. दर वर्षी ते नऊच्या पाढ्यात एक घर पुढे जायचे आणि पुढच्या घरात मुद्दाम अडखळायचे. कोपरा चुकायला नको ना. गावात ते कोणाला सांगायचे, "नागपूरले मी शाळेत जातो." लोकांना वाटे म्हातारा थट्टा करतो.

१९७१ साली प्रेमिला मॅट्रिक झाली. निकालाच्या दिवशी नत्थूजी पेढे घेऊन आले आणि भर दुपारी सरांच्या घरी आडवे झाले ते असे घोरले की गल्लीतल्या पोरांनी खिडकीत गर्दी केली. सर वर्तमानपत्राने त्यांना वारा घालत बसून होते. पुढे ती शिक्षिका झाली आणि कामठीला, विणकरांच्या वस्तीतल्या एका शाळेत लागली. पहिल्या वर्षी सर आपल्या सुटीच्या दिवशी न सांगता तिचा वर्ग पाहायला आले आणि शेवटच्या बाकावर बसले. थोड्या वेळात शेजारच्या पोराशी त्यांची कुजबूज सुरू झाली.

"शेवटच्या बाकावरचे," प्रेमिला फळ्याकडे तोंड करूनच म्हणाली, "बोलणं बंद."

"हो बाई," सर म्हणाले आणि तास संपेपर्यंत खरोखर गप्प बसले. घरी जाऊन इंदूबाईला त्यांनी सांगितलं, "पोरगी कडक आहे. पण पोरं तिच्याजवळ जाऊन बसतात." हे वाक्य इंदूबाईने प्रेमिलाला सांगितलं, आणि प्रेमिलाने आणखी कोणाला सांगितलं नाही.

सर १९८० साली निवृत्त झाले. निरोपाच्या सभेत संस्थेच्या अध्यक्षांनी त्यांना "अत्यंत गंभीर व शिस्तप्रिय मुख्याध्यापक" म्हटलं आणि सगळं सभागृह हसलं. अध्यक्षांना काय झालं ते कळेना. नत्थूजी त्या सभेत पहिल्या रांगेत बसले होते, कोणी न सांगता. ते त्यानंतर दोन वर्षांनी गेले. त्यांच्या मातीला सर भिवापूरपर्यंत छोट्या गाडीने गेले आणि येताना पूर्ण रस्ताभर, दरम्यान लग्न होऊन आई झालेल्या प्रेमिलाच्या मुलाला नऊचा पाढा शिकवत आले.

इंदोऱ्याचं घर आता, १९९२ साली, केशवकडे आहे. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून सर आणि इंदूबाई कामठीला गोपिकाकडे राहतात. प्रेमिलाची शाळा तिथून जवळ आहे, रविवारी ती जाते. सर सत्तरीला टेकले आहेत, डाव्या कानाने कमी ऐकू येतं, दात सगळे स्वतःचे आहेत. सकाळचं दूध आणायला तेच जातात.